दहावीचे वर्ष, ढोल-ताशा पथक आणि मुलाला सापडलेली 'आपली माणसे'

अंबाजोगाईकर

नमस्कार. दोन वर्षांपूर्वी माझी पुण्याला बदली झाली आणि आठवीत गेलेल्या मुलाला घेऊन मी इथे राहायला आले. यजमानांचे अंबाजोगाईत कृषी सेवा केंद्र आहे आणि घरी सासूबाई असतात, त्यामुळे ते तिकडेच राहिले. महिन्यातून एखाद-दुसरी फेरी होते. मुलगा आता 15 वर्षांचा आहे आणि यंदा दहावीत आहे.

पहिले वर्ष त्याला फार जड गेले. शाळेत उशीर का झाला असे बाईंनी विचारले, तेव्हा तो आमच्या मराठवाड्याच्या बोलीत सहज बोलून गेला, 'बस येईना गेली म्हणून चालत आलो.' वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि पुढे कित्येक आठवडे तो दिसला की मागच्या बाकावरून 'येईना गेली' असा सूर निघत असे. त्यानंतर तो वर्गात बोलेनासा झाला. घरी मात्र त्याने उच्चार घासून-पुसून बदलले. सोसायटीच्या आवारात मी सासूबाईंशी फोनवर बोलू लागले की तो मला हाताला धरून घरात आणत असे, कारण आमचे बोलणे कोणी ऐकावे असे त्याला वाटत नव्हते.

गेल्या वर्षी जुलैमध्ये शेजारचा एक महाविद्यालयीन मुलगा त्याला ढोल-ताशा पथकाच्या सरावाला घेऊन गेला आणि चित्रच पालटले. आता त्याच्या बोलण्यात सतत 'आमचे पथक' असते, हातात कडे असते, केसांची ठेवण पथकातल्या दादांसारखी असते आणि मित्र बहुतेक 19-20 वर्षांचे असतात. तो आनंदी आहे, हे मला दिसते. पण गेल्या गणेशोत्सवात आमच्या घरी महालक्ष्म्या (गौरी) बसल्या, तेव्हा तो गावी आला नाही. मुखवटे ठेवण्याचे काम लहानपणापासून तो आजीबरोबर करत असे. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण यजमान फोनवर 'पुण्याचा झालास' असे म्हणाले आणि तेव्हापासून बापलेकांचे बोलणे कामापुरते राहिले आहे.

यंदाचा सराव आता सुरू होत आहे. दहावीचे वर्ष असल्यामुळे पथक बंद करावे असे घरातल्या सर्वांचे म्हणणे आहे. तो म्हणतो, 'तिथे मी कोणीतरी आहे, शाळेत मी कोणीच नाही.' या वाक्यामुळे मी अडकले आहे. पथक बंद करावे का, आणि एखादा गट मुलाला घडवतो आहे की गिळतो आहे हे पालकांनी कशावरून ओळखावे, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

---

स्पष्टोक्ती

ताई, आपल्या भावना समजल्या, तरी माझे मत वेगळे आहे. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि सरावाचे दोन महिने म्हणजे पहिल्या सत्राचा गाभा असतो. मूल घरी येते रात्री साडेनऊ-दहाला, दमलेले असते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पेंगते. हे मी आमच्याच इमारतीत पाहिले आहे. शिवाय आवाजाचे काय? निवासी भागात दिवसा 55 डेसिबल ही कायद्याने घातलेली मर्यादा आहे, आणि लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीत अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी दरवर्षी आवाज मोजतात, तेव्हा शंभरीच्या आसपासचे आकडे समोर येतात. हे मिरवणूक पाहणाऱ्यांच्या कानांवर पडणारे प्रमाण झाले, तर ढोल कमरेला बांधणाऱ्याचे काय होत असेल याचा विचार करावा. एक वर्ष थांबल्याने कोणाचे पथक पळून जात नाही.

---

नदीपात्र

मी बरीच वर्षे पथकात ढोल वाजवला आहे आणि नंतर नव्या मुलांना शिकवण्याचे कामही केले आहे, त्यामुळे आतली बाजू थोडी मांडतो.

वर आवाजाविषयी जे लिहिले आहे ते खरे आहे आणि पथकातल्या लोकांनी ते हसण्यावारी नेऊ नये. सतत 85 डेसिबल आवाजात आठ तास ही कामगारांसाठी सुरक्षित मानलेली सीमा आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की हा अवधी निम्मा होतो, आणि अशा हिशेबाने 100 डेसिबलला तो पाव तासावर येतो. म्हणून मुलाला पाठवणार असाल तर कानात बोळे घालणे ही पहिली अट ठेवा. कापूस उपयोगाचा नाही. औषधांच्या दुकानात मऊ फोमचे बोळे मिळतात, ते घ्या. बोळे घातल्यावर ताल ऐकू येत नाही ही सबब आहे, ताल कंबरेतूनच कळतो. सराव संपल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा ऐकायला कमी येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लगेच न्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पुण्यात ढोल-ताशाला आजचे रूप आले ते ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या मुलांच्या पथकांतून. शिस्त, एकसारखा पोशाख, ओळीतली जागा आणि ध्वजधाऱ्यांचे भान या सगळ्यावर शाळेचा ठसा आहे. नवा मुलगा आला की त्याला लगेच ढोल मिळत नाही. आधी तो ढोल उचलून ठेवतो, दोऱ्या ओढायला शिकतो, ढोलाचे पान (वाजवायची बाजू) उतरले, म्हणजे सैल पडले, की ताणतो, आणि मग कधीतरी मागच्या रांगेत उभा राहून पहिला हात वाजवतो. या सगळ्यात एक गोष्ट घडते, जी बाहेरून दिसत नाही. एका दिवशी तो आला नाही तर त्याच्या जागी खिंडार पडते आणि कोणीतरी फोन करून 'कुठे आहेस?' असे विचारतो. 14-15 वर्षांच्या मुलाला, विशेषतः ज्याच्या वर्गात नसण्याने कोणाला काही फरक पडत नाही अशा मुलाला, हा फोन किती मोठा वाटत असेल याची कल्पना करा. शिवाय ढोलाला बोली नसते. तिथे उच्चार तपासले जात नाहीत, टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, वेळेवर पडले की नाही एवढेच पाहिले जाते.

पथकात सगळे समान असतात, अशी भाबडी गोष्ट मात्र मी सांगणार नाही. काही पथके नीट चालतात, काही एखाद्या 'भाऊं'च्या, म्हणजे स्थानिक पुढाऱ्याच्या, दावणीला बांधलेली असतात, आणि त्या भाऊंच्या वाढदिवसाच्या फलकावर तुमच्या मुलाचे छायाचित्र शुभेच्छुक म्हणून झळकले की समजावे, हा हिशेब वेगळा आहे. म्हणून आधी स्वतः सरावाच्या ठिकाणी जा. एखाद्या संध्याकाळी न सांगता जाऊन तासभर उभ्या राहा. पथकप्रमुख तुमच्याशी बोलायला येतो का, अल्पवयीन मुलांसाठी पालकांचे संमतीपत्र घेतात का, मुली सरावाला येतात का आणि त्या निर्धास्त असतात का, सराव संपल्यावर मोठी मुले लहानांना घरी पाठवतात की टपरीवर घेऊन बसतात, हे तासाभरात कळते. मिरवणुकीत पाणी, औषधे आणि जेवण यांची व्यवस्था कोणाकडे असते हेही विचारा. विसर्जनाच्या दिवशी पथकाला वाजवण्यापेक्षा थांबणेच जास्त असते. कधी कधी पाच-सहा तास एकाच चौकात उभे राहावे लागते, आणि ते तास मुले कोणाच्या नजरेखाली काढतात हे मला वाजवण्यापेक्षा महत्त्वाचे वाटते.

---

फळा आणि खडू

मी माध्यमिक शाळेत शिकवले आणि नंतर काही वर्षे शाळेत समुपदेशनाचे काम केले. आपल्या मुलाचे वाक्य वाचले आणि मला एरिक एरिक्सन यांची आठवण झाली. किशोरवयातील ओळखीचा पेच ही कल्पना ज्यांनी मांडली आणि रुजवली, त्या या मानसशास्त्रज्ञांचा जन्म 1902 मध्ये फ्रँकफर्टजवळ झाला. आई डॅनिश ज्यू होती, जन्मदात्या वडिलांचे नाव त्यांना कधीच कळले नाही आणि सावत्र वडील ज्यू डॉक्टर होते. उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा हा मुलगा प्रार्थनास्थळात गेला की तिथली मुले त्याला परका उत्तरेकडचा म्हणून चिडवत आणि शाळेत गेला की ज्यू म्हणून चिडवत. पुढे 1939 मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्यांनी एरिक्सन हे आडनाव स्वतःच घेतले. माणसाच्या आयुष्याचे त्यांनी आठ टप्पे मानले आणि पाचव्या, म्हणजे किशोरवयाच्या टप्प्यावर 'मी कोण' हा प्रश्न ठेवला, तो ग्रंथालयात बसून सुचलेला नसावा.

त्यांच्यानंतर जेम्स मार्सिया यांनी 1966 मध्ये या कल्पनेला अधिक रेखीव केले. त्यांचे म्हणणे साध्या शब्दांत असे आहे की मुलाविषयी दोन गोष्टी पाहाव्यात. त्याने वेगवेगळ्या वाटा चाचपून पाहिल्या आहेत का, आणि एखादी वाट त्याने मनापासून धरली आहे का. काही मुले चाचपतही नाहीत आणि धरतही नाहीत. काही चाचपण्यातच असतात, आणि पालकांना हा काळ फार अस्वस्थ करतो, पण तो निरोगी असतो. काही मुले मात्र काहीही न चाचपता कोणीतरी तयार दिलेली ओळख अंगावर चढवतात. ती घरच्यांनी दिलेली असेल, जातीने दिलेली असेल, पक्षाने दिलेली असेल किंवा पथकाने. अशा मुलांचे बाहेरून फार कौतुक होते, कारण ती ठाम दिसतात.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी इथेच शोधेन. मुलाच्या हातातले कडे आणि केसांची ठेवण यांची मला मुळीच चिंता वाटत नाही. पथकात तो ठाम आहे, याचीही नाही. मला चिंता वाटते ती त्याने अंबाजोगाईचा मुलगा लपवला आहे याची. पथक त्याला हवे आहे, कारण तिथे त्या मुलाला हसत नाहीत. पण तो मुलगा तिथेही दिसतच नसेल, तर एका जागी दबलेली गोष्ट दुसऱ्या जागी तशीच दबलेली राहते. त्याच्या पथकातल्या किती जणांना तो मूळचा कुठला हे ठाऊक आहे, एवढे एकदा सहज विचारून पाहा.

बाईंच्या हसण्याविषयीही लिहिले पाहिजे, कारण आपण सगळे मुलाच्या मनाविषयी बोलत आहोत आणि ज्या वर्गात हे घडले त्याविषयी कोणीच बोललेले नाही. एखादी बोली ऐकून वर्ग हसला तर तो मुलांचा पोरकटपणा झाला. शिक्षक हसले की त्या हसण्याला परवानगी मिळते. ज्या अंबाजोगाईच्या बोलण्याला ही मंडळी हसली, तिथे आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे आणि दासोपंतांचीही आहे. मराठी शिकवणाऱ्या माणसाला एवढे तरी ठाऊक असायला हवे. (हे वाक्य रागाने लिहिले आहे आणि ते तसेच राहू देतो.) दहावीचे वर्ष आहे, तेव्हा वर्गशिक्षकांना भेटून घडलेली हकीकत शांतपणे, तक्रारीचा सूर न लावता सांगा. वर्गात त्याला बोलते करणारा एक जरी शिक्षक निघाला, तरी 'शाळेत मी कोणीच नाही' हे वाक्य सैल पडू लागेल.

स्पष्टोक्ती यांचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. पण एकदम पथक बंद केले तर दोन महिने वाचतील, अभ्यास होईलच असे नाही. भूक राहतेच, ती दुसरीकडे वळते. या शहरात कोयत्याने केक कापणारी आणि त्याची चित्रफीत टाकणारी मुलेही याच वयाची आहेत, आणि त्यांनाही 'इथे मी कोणीतरी आहे' हेच हवे असते.

मुलगा जेवेनासा झाला, झोप उडाली, अंगावर इजेच्या खुणा दिसल्या किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर हे सगळे तत्त्वज्ञान गुंडाळून ठेवून तज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. आपण जे लिहिले आहे त्यावरून तशी वेळ मला दिसत नाही.

---

अंबाजोगाईकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आभार. 'फळा आणि खडू' यांनी सुचवलेला प्रश्न मी काल जेवताना विचारला. तो आधी म्हणाला, 'कशाला सांगायचे?' मग बऱ्याच वेळाने म्हणाला की पथकातल्या एका दादाला फक्त माहीत आहे, कारण तो दादा परळीचा आहे आणि त्याने याला बोलण्यावरून पहिल्याच दिवशी ओळखले होते. दोघे एकमेकांशी गावच्या बोलीत बोलतात, पण इतर कोणी आसपास नसताना. हे मला वर्षभरात प्रथमच कळले.

यजमानांचा प्रश्न मात्र तसाच आहे. त्यांना वाटते की मुलाने घर सोडले. मुलाला वाटते की वडिलांनी त्याला इथे पाठवले आणि आता इथला झाल्याचा दोषही त्यालाच देत आहेत. दोघांचेही मला पटते आणि मधे मी निरोप्याचे काम करते आहे.

---

उदगीरचा

मी आज 24 वर्षांचा आहे. अकरावीला उदगीरहून पुण्यात वसतिगृहात आलो, त्यामुळे हा धागा वाचून राहवले नाही.

माझे पथक म्हणजे कबड्डीचा संघ होता. त्यात मी इतका बुडालो की संघाबाहेर मला मित्रच उरला नाही. बारावीच्या वर्षी कर्णधाराशी एका किरकोळ गोष्टीवरून बिनसले, आणि एका संध्याकाळी माझे मित्र, माझे मैदान, माझ्या जेवणाची खानावळ आणि वसतिगृहातली माझी खोली हे सगळेच परके झाले, कारण सगळीकडे तीच माणसे होती. त्यानंतरचे काही महिने मी कसे काढले ते इथे लिहीत नाही. म्हणून कोणता गट चांगला, यापेक्षा मुलाच्या आयुष्यात तो एकटाच गट आहे का, याकडे माझे लक्ष आधी जाते. दहावीच्या वर्षातही पथकाशिवाय आणखी एखादी जागा असावी जिथे त्याच्या येण्याची कोणी वाट पाहते. अभ्यासिकेतले दोन मित्र असोत, धाकट्या चुलत भावाला फोनवर गणित शिकवणे असो, काहीही चालेल.

मला सावरायला उपयोगी पडले ते थोडे विचित्र आहे. संघ सुटल्यावर मी गावी गेलो, तेव्हा वडिलांनी काही विचारले नाही. ते मला मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, घेऊन गेले आणि ओळखीच्या आडत्याला सांगू लागले की हा पुण्यात कबड्डी खेळतो. त्यांनी माझे पुणे स्वतःच्या तोंडाने, माझ्या गावात, अभिमानाने सांगितले. मला तोवर वाटत होते की दोन्हींपैकी एकच काहीतरी होता येते. ताई, आपल्या यजमानांनी पुण्याला यावे आणि एकदा सराव पाहावा, बापाने आपले वाजवणे पाहिले ही गोष्ट पोरगा विसरत नाही.

महालक्ष्म्यांच्या बाबतीत एक सुचवतो. त्या आगमनापासून विसर्जनापर्यंत तीनच दिवस असतात, आणि पथकाची मोठी वाजवणी त्या तीनही दिवशी असतेच असे नाही. पथकप्रमुखांना आधीच सांगितले तर बहुतेक ठिकाणी सोडतात. त्याला एकट्यालाच गावी बोलावू नका. परळीच्या दादालाही पुरणपोळीच्या जेवणाचे आमंत्रण द्या; त्याला तर वाटेतच आहे.

---

नदीपात्र

वरच्या सूचनेला दुजोरा देतो. पथकात घरच्या गौरींसाठी रजा मागणारी मुले दरवर्षी असतात, त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. दहावीच्या मुलांसाठीही आम्ही वेगळा नियम ठेवला होता: आठवड्यातून तीनच दिवस सराव, साडेआठला सुट्टी, आणि विसर्जन मिरवणुकीऐवजी आगमनाची किंवा एखाद्या दिवसाचीच वाजवणी. अशी मुले कमी वाजवतात, पण ओळीतून बाहेर पडत नाहीत. आपल्या पथकात तसा नियम नसेल तर प्रमुखांना विचारून पाहा. प्रमुख नकार देताना कसे बोलतो यावरूनही पथकाची परीक्षा होते. 'दहावी-बिहावी काही नाही, यायचे तर पूर्ण या' असे उत्तर आले, तर मी माझ्या मुलाला तिथे पाठवणार नाही.

---

स्पष्टोक्ती

तीन दिवस, साडेआठ ही वेळ आणि कानात बोळे, या अटी पाळल्या जाणार असतील तर माझा विरोध मी सौम्य करते. मात्र सहामाहीचे गुण पाहून पुन्हा विचार व्हावा, आणि हे मुलाला आजच सांगावे, ऐन वेळी नव्हे.

---

अंबाजोगाईकर

पथकप्रमुखांशी बोलणे झाले. तीन दिवसांची सवलत ते देतात, विसर्जन मिरवणुकीचे मात्र 'तेव्हा पाहू' म्हणाले आहेत. ते मला पुरेसे स्पष्ट वाटले नाही, म्हणून लेखी संमतीपत्रात मी विसर्जन वगळून बाकीच्या वाजवण्यांनाच परवानगी देणार आहे. सहामाहीची अट मुलाला सांगितली. त्याने तोंड वाकडे केले, पण मान्य केले. यजमान पुढच्या रविवारी येत आहेत. सरावाला येतील की नाही हे त्यांनी अजून सांगितलेले नाही. परळीच्या मुलाला आमंत्रण द्यायचे हे मी सासूबाईंच्या कानावर घातले, तर त्यांनी लगेच त्याचे आडनाव, घरचा पत्ता आणि आजोळ विचारले, आणि यातले मला काहीच सांगता आले नाही. वर्गशिक्षकांची वेळ मात्र अजून मिळालेली नाही. पालकसभेची वाट न पाहता स्वतंत्र भेट मागावी की सभेनंतर थांबून बोलावे, याविषयी 'फळा आणि खडू' यांनी सांगितले तर बरे होईल.

---

फळा आणि खडू

स्वतंत्र भेट मागा. सभेनंतर शिक्षकांभोवती पंधरा पालक असतात आणि मुलेही दाराशी रेंगाळतात. त्यातल्या एकाने जरी ऐकले तरी दुसऱ्या दिवशी वर्गात नवे चिडवणे सुरू होईल. दोन ओळींची चिठ्ठी मुलाच्या हाती न देता स्वतः कार्यालयात द्या, आणि भेटीला जाण्यापूर्वी आपण काय सांगणार आहोत हे मुलाला दाखवा. त्याने एखादे वाक्य गाळायला सांगितले तर ते गाळा.